मुलाचा ताबा आणि मानसशास्त्रज्ञाचा अहवाल : इंदूरच्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

मी इंदूरला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. मुलाच्या ताब्याच्या प्रकरणांत मूल्यमापनाचं काम न्यायालयाकडून अधूनमधून माझ्याकडे येतं. काम सुरू होण्याआधीच फोन सुरू होतात. रामबागेतून, सुदामानगरातून, लोकमान्य नगरातून. बरेचसे फोन आईबाबांचे नसतातच; आजीचे, मामाचे, एखाद्या आत्याचे असतात. प्रश्न मात्र तेच. म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवते आहे. कायद्याचा सल्ला यात शोधू नका, तो वकिलांकडूनच घ्या. उदाहरणांतले तपशील बदललेले आहेत.

मॅडम, रिपोर्ट आमच्या बाजूनं द्याल ना?

नाही. आणि समोरच्यांच्या बाजूनंही नाही. नेमणूक न्यायालयानं केलेली असते आणि उत्तरही न्यायालयालाच द्यायचं असतं. ते उत्तर विचारलेल्या प्रश्नापुरतंच असतं. “मुलाला वडिलांकडे रात्री राहायला पाठवावं का” असा प्रश्न असेल, तर आईच्या नोकरीवर किंवा सासरच्या भांडणावर मी निबंध लिहायचा नाही. आदेशातला प्रश्न मोघम असेल, तर काम हाती घेण्याआधी तो स्पष्ट करून मागणं हेही माझंच काम.

न्यायाधीश असताना सायकॉलॉजिस्टची गरजच काय?

निर्णय न्यायाधीशच देतात. पण कायदा त्यांना ज्या गोष्टी बघायला सांगतो, त्यातल्या काही कोर्टाच्या खोलीत दिसत नाहीत. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 च्या कलम 13 नुसार मुलाचं हित सर्वोपरी आहे. 1890 च्या पालक व पाल्य अधिनियमाचं कलम 17 मुलाचं वय, पालकाचं चारित्र्य आणि क्षमता पाहायला सांगतं, आणि मूल समजूतदार असेल तर त्याची पसंतीही विचारात घेता येते असं म्हणतं. कुटुंब न्यायालय अधिनियम, 1984 च्या कलम 12 खाली न्यायालय वैद्यकीय किंवा कुटुंबकल्याणाच्या क्षेत्रातल्या जाणकाराची मदत घेऊ शकतं. कलम 14 नुसार, वाद सोडवायला उपयोगी वाटलेला अहवाल पुराव्याच्या नेहमीच्या नियमांत बसत नसला तरी स्वीकारता येतो.

हे शेवटचं कलम मला जरा धाकात ठेवतं. दार इतकं उघडं आहे म्हटल्यावर आत काय न्यायचं याची चाळणी आमची आम्हीच लावायला हवी. व्यावसायिक मानकं हवीत ती याचसाठी.

पाच वर्षांखालचं मूल आईकडेच राहतं ना? मग हे सगळं कशाला?

1956 च्या अधिनियमाच्या कलम 6 मध्ये ‘सामान्यतः’ हा शब्द आहे. सामान्यतः आईकडे, प्रत्येक वेळी, काहीही झालं तरी, असं नव्हे. शिवाय ताबा आईकडे राहिला तरी वडिलांची भेट कधी, किती वेळ, कुठे, हे प्रश्न उरतातच.

हे मूल्यमापन कोण करू शकतं? आमच्या ओळखीत एक काउन्सेलर आहेत.

ओळखीतले आहेत, इथेच ते बाद झाले.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव असावं लागतं. 1992 च्या अधिनियमानुसार नोंदणीशिवाय ही प्रॅक्टिस करणं हा गुन्हा आहे. नोंदणी क्रमांक विचारायला संकोचू नका, मला विचारला तर मला राग येत नाही. मात्र नोंदणी ही फक्त पहिली पायरी. मुलांचा विकास, घरगुती हिंसा, मुलाखतीचं तंत्र आणि ताब्याचा कायदा यांची वेगळी तयारी लागते. उत्तम थेरपिस्ट असलेली व्यक्ती या कामात कच्ची असू शकते, कारण थेरपीत आपण समोरच्याच्या बाजूनं उभे असतो आणि इथे नसतो.

त्यावरूनच दुसरा नियम. जो मुलावर किंवा आईबाबांपैकी कुणावर उपचार करतो, त्यानं मूल्यमापन करायचं नाही. “आमचे डॉक्टर तीन वर्षं बघतायत, त्यांना सगळं माहीत आहे, तेच लिहून देतील.” त्यांना माहीत आहे ते एका बाजूनं ऐकलेलं. आपल्या पेशंटवर कोणते उपचार चालू आहेत एवढं ते लिहू शकतात. ताबा कुणाकडे असावा हे नाही. आणि मूल्यमापन संपल्यावर त्याच मुलाची थेरपिस्ट मी व्हायचं नाही, हेही ओघानं आलंच. इंदूरसारख्या गावात, जिथे मराठी माणसं गणेशोत्सवात नाहीतर कुणाच्या मुंजीत एकमेकांना भेटतातच, तिथे हे पाळायला कठीण जातं. मागे एकदा फाइल उघडली तर त्यात माझ्या मैत्रिणीच्या दिराचं नाव. त्याच दिवशी लेखी कळवून परत केली.

कोर्टातल्या समुपदेशकांशी बोललो होतो. ते आणि हे एकच का?

एक नाही. समुपदेशक तडजोडीचा प्रयत्न करतात, मी तडजोड घडवायला बसलेली नसते. पण तिथे बोललेलं सगळं कायम गुप्तच राहील अशी समजूत ठेवू नका. मुलाच्या ताब्याच्या प्रकरणात समुपदेशकाचा अहवाल मध्यस्थीच्या गुप्ततेच्या आड लपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये म्हटलं आहे. माझ्याकडे तर गुप्तता नाहीच. पहिल्या भेटीत मी हे तोंडी सांगते, मग कागदावर सही घेते. मुलालाही त्याच्या वयाला कळेल असं सांगते : “तू जे सांगशील त्यातलं काही मला जजसाहेबांना सांगावं लागेल. सांगायचं नसेल तर ‘नाही सांगायचं’ म्हण, मी रागावणार नाही.”

हे नियम नेमके कुठे लिहिलेले आहेत?

ताब्याच्या मूल्यमापनासाठी कायद्यानं बांधील करणारं वेगळं नियमपुस्तक आपल्याकडे नाही. पुनर्वास परिषदेची 1998 ची व्यावसायिक वर्तनाची नियमावली सर्वसाधारण आहे. त्यामुळे आमच्यापैकी बरेचजण अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या मार्गदर्शक सूत्रांचा आधार घेतात. ती 1994 मध्ये पहिल्यांदा आली, 2010 मध्ये सुधारून प्रसिद्ध झाली आणि 2022 मध्ये पुन्हा नवी झाली. ती तिकडच्या न्यायालयांसाठी लिहिलेली आहेत. तिथल्या घरात आजी-आजोबा, चुलत भावंडं, वरच्या मजल्यावरचे काका गृहीत धरलेले नाहीत. मूळ तत्त्वं मात्र इथेही चालतात : दोघांना एकच माप, एकापेक्षा जास्त मार्गांनी खातरजमा, आणि जे पाहिलं नाही त्यावर मत नाही.

प्रत्यक्षात काय काय होतं? एका भेटीत उरकेल का?

उरकत नाही. दोन्ही पालकांच्या स्वतंत्र मुलाखती, प्रत्येकाच्या किमान दोन तरी. मुलाशी एकट्यानं भेट, तीही शक्य तर दोनदा : एकदा आईनं आणलेलं असताना, एकदा बाबांनी. मग प्रत्येक पालकाबरोबर मूल कसं वागतं याचं निरीक्षण. शाळेच्या बाई, बालरोगतज्ज्ञ, पाळणाघर, असे तिसऱ्या माणसाचे दाखले. जमलं तर दोन्ही घरांना भेट. आईची मुलाखत तीन तास आणि वडिलांची पंचवीस मिनिटं, असं झालं तर पुढे अहवालात काहीही लिहिलं तरी तो तिरका झालेलाच.

निरीक्षणाबद्दल जरा सांगते, कारण पालक इथेच सर्वांत जास्त तयारी करून येतात. एक बाबा आले, मुलगी साडेचार वर्षांची. खोलीत शिरल्या शिरल्या त्यांनी तिला पाढे म्हणायला लावले, मग ‘शुभं करोति’, मग इंग्रजी कविता. डोळे माझ्याकडे. मुलगी म्हणत होती आणि एका हातानं फ्रॉकची लेस पिळत होती. चाळीस मिनिटं मी काही लिहिलं नाही. शेवटी म्हटलं, वेळ झाली, खेळणी भरून ठेवू या. ती अडून बसली, लाकडी गाडी सोडेना. बाबांचा चेहरा पडला, आता परीक्षेत नापास असं काहीसं त्यावर दिसलं. मग ते खाली फरशीवर बसले, पहिल्यांदाच, आणि म्हणाले, “बरं, गाडीला तूच गॅरेजमध्ये ने. मी दार उघडतो.” खोक्याचं झाकण उघडलं. तिनं गाडी आत नेली. माझ्या वहीत त्या दिवसाच्या नोंदी मुख्यतः या तीन मिनिटांच्या आहेत. पाढ्यांबद्दल एक ओळ आहे.

घरभेटीतही तसंच. घर किती मोठं हे मी बघत नाही. मुलाचे कपडे कुठे ठेवतात, ते झोपतं कुठे, अभ्यासाला कोण बसतं, आणि दुसऱ्या पालकाचा फोन आला की घरातल्यांचे आवाज कसे बदलतात, हे बघते.

मुलाशी कोणत्या भाषेत बोलता? आमचा तर धड मराठीही बोलत नाही.

या प्रश्नावर माझी एक जुनी चूक सांगितलीच पाहिजे.

आपल्या इंदुरी मुलांची भाषा तीन खणी असते. आजीशी मराठी, मित्रांशी आणि भांडताना हिंदी, शाळेतल्या बाईंशी इंग्रजी. मी या कामाला नवी होते तेव्हा सात वर्षांचा एक मुलगा मला म्हणाला, “पापा गुस्सा होते हैं.” मी अहवाल इंग्रजीत लिहीत होते आणि तिथे ‘ॲग्रेसिव्ह’ हा शब्द लिहिला. उलटतपासणीत वकिलांनी विचारलं, मूल नेमकं काय म्हणालं? वही उघडून वाचलं. मग त्यांनी विचारलं, कधी गुस्सा होतात हे तुम्ही विचारलंत का? विचारलं होतं, तेही वहीत होतं. “जब मैं बालकनी की रेलिंग पे चढ़ता हूँ.” अहवालात ते गाळलं गेलं होतं. कोर्टात मी चूक कबूल केली, पण तोवर चार महिने त्या माणसाला मुलाची भेट तिसऱ्या माणसासमोर घ्यावी लागली होती. त्याला माझा तो एक शब्द किती कारण झाला, हे मी आजही मोजत असते.

तेव्हापासून मुलाचं वाक्य त्याच्याच भाषेत, अवतरणात, देवनागरीत लिहिते. माझं मत त्याच्या खाली, वेगळ्या परिच्छेदात. भाषा मूल निवडतं, मी नाही. आणि प्रश्न उघडे ठेवायचे. “बाबा मारतात का?” असं नाही, “बाबांकडे गेलास की काय काय होतं, सांग.” तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारला तर लहान मुलांना वाटतं आधीचं उत्तर चुकलं, आणि ती उत्तर बदलतात. विचारणाऱ्याच्या सुचवण्याला मुलं किती लवकर वाहवतात, यावर मानसशास्त्रात भरपूर अभ्यास झालेला आहे.

पोराला सासूबाईंनी पढवलंय. तुम्हाला कळेल ना?

कधी कळतं, कधी नाही. सहा वर्षांची मुलगी “बाबांनी आम्हाला मेंटेनन्स दिला नाही” म्हणाली, तर शब्द तिचा नाही हे उघड आहे. पण शब्द उसना असला म्हणजे गोष्ट खोटी, असं होत नाही. मुलं मोठ्यांचेच शब्द घेऊन आपलं खरं दुःखही सांगतात. म्हणून मी तपशील शोधते : कुठल्या खोलीत, तेव्हा टीव्हीवर काय होतं, मग तू काय केलंस. पाठ केलेल्या गोष्टीला बहुधा असे कंगोरे नसतात. बहुधा, नेहमी नाही.

“पॅरेंटल एलियनेशन” हा शब्द हल्ली वकिलांच्या अर्जात सर्रास असतो. एका पालकानं मुलाचं मन दुसऱ्याविरुद्ध कलुषित करणं प्रत्यक्षात घडतं, मी पाहिलं आहे. पण हा मुलाला झालेला आजार म्हणून निदानाच्या पुस्तकात नाही, आणि मूल एका पालकाला टाळतं याची कारणं अनेक असतात. कधी ते खरोखर घाबरलेलं असतं. नेमक्या कोणत्या वागण्यामुळे असं म्हणतो ते न दाखवता कुणा पालकावर हा शिक्का मारू नये, असं सर्वोच्च न्यायालयानंही 2024 च्या एका निकालात बजावलं आहे.

चाचणीत कळत नाही का, चांगला पालक कोण ते?

अशी चाचणीच नाही. एमएमपीआय या व्यक्तिमत्त्वाच्या प्रश्नावलीची 567 विधानं असलेली आवृत्ती मी कधी कधी वापरते, पण ती मनोविकारांच्या लक्षणांसाठी बनलेली आहे, पालकत्व मोजायला नव्हे. ताब्याच्या वादातले पालक तिच्यात स्वतःला जरा जास्तच सोज्वळ दाखवतात, हे अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे. त्यामुळे आकड्यांचा अर्थ तो संदर्भ धरूनच लावावा लागतो. मुलांना प्राण्यांची चित्रं दाखवून गोष्ट सांगायला लावणारी चाचणी आहे. तिनं गप्प मूल बोलतं होतं, तेवढा उपयोग मी मानते. अस्वलाच्या गोष्टीवरून “वडिलांविषयी सुप्त राग” असं अहवालात लिहिणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. चाचणी कोणत्या भाषेत दिली, तिची मानकं कोणत्या लोकसमूहावर ठरली, हे अहवालात नसेल तर वकिलांना जरूर विचारायला सांगा.

मला डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत. तेवढ्यावरून मूल जाईल?

हा फोन बहुतेक रात्री येतो. निदान हा माझ्या प्रश्नाचा शेवट नसतो. आजारानं मुलाचं जेवण, शाळा, झोप, सुरक्षितता यांत काही फरक पडतो का, आणि पडला तर आधाराला कोण आहे, हे मी बघते. नियमित गोळ्या घेणारी आई बिनउपचार चिडणाऱ्या बापापेक्षा अधिक स्थिर असू शकते. उलटही असू शकतं. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 स्पष्ट सांगतो की केवळ मानसिक आजार आहे म्हणून माणूस विकल मनाचा ठरत नाही. आणि आजाराचा पुरावा दाखल झाला व समोरच्यानं त्याला आव्हान दिलं, तर तो प्रश्न मानसिक आरोग्य मंडळाकडे पाठवायची तरतूद कलम 105 मध्ये आहे. गोळ्या लपवू नका. कोर्टाच्या तारखेसाठी बंद तर मुळीच करू नका.

फोनमध्ये रेकॉर्डिंग आहेत. आणून देऊ?

मला परस्पर देऊ नका. जे द्यायचं ते वकिलांमार्फत, समोरच्यांनाही दिसेल अशा रीतीनं. आणि मुलाला रडताना शूट करून “बोल, बाबा काय म्हणाले” असं विचारणारा व्हिडिओ पाहिला की मला आधी शूट करणाऱ्याबद्दल प्रश्न पडतात.

मुलानं लैंगिक अत्याचाराबद्दल काही सांगितलं तर?

मग अहवालाची वाट बघायची नसते. पॉक्सो अधिनियम, 2012 च्या कलम 19 खाली पोलिसांना कळवणं माझ्यावर बंधनकारक आहे, तसंच ते तुमच्यावरही आहे. त्याचा तपास मी करत नाही. घरात मारहाणीचा इतिहास असेल तर दोघांना एकत्र बसवत नाही, आणि येण्याजाण्याच्या वेळाही जिन्यात गाठ पडणार नाही अशा ठेवते.

नवरा पुण्याला असतो, इथे यायलाच तयार नाही. मग?

मग त्यांच्याबद्दल मी मत देऊ शकत नाही. ते ऑनलाइन बोलले, तर ऑनलाइन बोलले असं लिहीन, आणि मुलाबरोबर त्यांना पाहता आलं नाही हेही. अजिबात आलेच नाहीत तर अहवाल फक्त तुमच्याबद्दल आणि मुलाबद्दल. “वडील भावनाशून्य आहेत” असं न भेटलेल्या माणसाबद्दल लिहून देणारे अहवाल मी वाचले आहेत. असा अहवाल तुमच्या हातात कुणी दिला तर खुश होऊ नका. पहिल्या उलटतपासणीत तो फाटतो, आणि त्याबरोबर तुमचं म्हणणंही.

ताबा कुणाला द्यावा, हे तुम्ही लिहिता का?

यावर आमच्यातच मतभेद आहेत. काहींच्या मते शेवटची शिफारस करायलाच हवी, काहींच्या मते तो न्यायालयाचा प्रांत. आदेशात विचारलं असेल तरच मी शिफारस करते, आणि कोणत्या निरीक्षणावरून ती आली ते दाखवते. एरवी मुलाची दिनचर्या कशी बसेल यावर अधिक लिहिते : शाळेचे दिवस, सुट्ट्या, गणपतीचे दहा दिवस, अनंत चतुर्दशीच्या झांकीची रात्र, रंगपंचमीच्या गेरचा, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीचा दिवस. हसू नका, भेटीचा आदेश सर्वांत जास्त याच दिवशी मोडतो.

फी कोण देतं?

न्यायालय ठरवेल त्याप्रमाणे. बहुधा दोघांत वाटून. ती आधी लेखी ठरते आणि निकाल कुणाकडे लागला यावर अवलंबून नसते. मिठाईचा डबा आणू नका. आजी, तुम्हीही.

अहवाल पटला नाही तर?

वकिलांना लेखी हरकत घ्यायला सांगा आणि मला उलटतपासणीला बोलवा. माझ्या नोंदी, तारखा, चाचण्यांचे कागद मी त्यासाठीच जपून ठेवते. दुसऱ्या तज्ज्ञाकडून पद्धतीची चिकित्सा करून घेता येते, पण मूल पुन्हा नव्यानं चार खोल्यांतून फिरवायचं का, हे विचारपूर्वक ठरवा. गैरवर्तनाची तक्रार असेल तर ती पुनर्वास परिषदेकडे. निकाल विरुद्ध गेला एवढंच कारण असेल तर ती तक्रार नव्हे, अपील. आणि त्याचा रस्ता इथल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे जातो.

मुलाला काय सांगून आणू?

खरं, पण थोडं. “एका मावशींना भेटायचंय. त्या आईशी पण बोलतात आणि बाबांशी पण.” डॉक्टरकडे जायचंय असं सांगू नका, मूल सगळा वेळ सुईची वाट बघत बसतं. काय बोलायचं ते शिकवू नका. भेटीनंतर “काय विचारलं?” असंही विचारू नका, त्याऐवजी पोहे खायला न्या. येताना भुकेलं किंवा झोपमोड करून आणू नका. पाण्याची बाटली, आणि एखादं आवडतं खेळणं हातात असेल तर असू द्या. तुटकं असलं तरी चालेल.